माग चालतो, मग घर का चालत नाही?

देशातली बेकारी निम्म्यावर आल्याचं सरकारी आकडे सांगतात. आकडे खोटे नाहीत. पण तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या रेशमी गल्ल्यांमध्ये ते घेऊन शिरलं, तर हिशेब काही जुळत नाही.

कुंभकोणम म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आधी आठवते ती पितळी पेल्यातली फेसाळ ‘डिग्री कॉफी’. मग देवळं. कावेरीकाठच्या या गावात गोपुरं इतकी, की एकाच्या सावलीतून निघून दुसऱ्याच्या सावलीत शिरेपर्यंत डोक्याला ऊन लागू नये. दर बारा वर्षांनी इथे महामहमचा मेळा भरतो आणि लाखो माणसं एका तलावात डुबकी मारायला येतात. इथलं विड्याचं पान एवढं नावाजलेलं, की २०२५ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या स्वामिमलै गावच्या ओतारींनी घडवलेली सत्तावीस फुटी, अठरा टनांची नटराजमूर्ती २०२३ साली जी-२० परिषदेसाठी दिल्लीला गेली. थोडं पुढे नाच्चियारकोविल. दक्षिणेतल्या देवघरांत तेवणाऱ्या उंच समया तिथल्या.

मराठी माणसाला हे गाव परकं वाटण्याचं कारण नाही. जवळच्या तंजावरला भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशेहून जास्त वर्षं होती. सयाजीराव गायकवाड अल्पवयीन असताना बडोद्याचा कारभार सांभाळणारे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणममधल्याच एका मराठी घराण्यातला. गावात पैशाचा व्यवहारही जुना. आज देशभर शाखा असलेली सिटी युनियन बँक १९०४ साली ‘कुंभकोणम बँक’ म्हणून इथेच सुरू झाली आणि तिचं मुख्य कार्यालय अजूनही इथेच आहे.

देवळं, समया, मूर्ती, पानं, कॉफी आणि रेशमी साड्या. अशा गावात रिकामा बसणार कोण? खरोखरच, दारासुरम किंवा तिरुभुवनम या लगतच्या विणकर वस्त्यांत गेलं तर रिकामा माणूस सापडणं कठीण. घराघरांतून मागाचा ठोका ऐकू येतो. सकाळच्या वेळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेशमाचा ताणा पसरलेला असतो आणि सायकलवाला खाली उतरून बाजूने जातो. बाप मागावर, आई कांड्या भरायला, सून धागे सोडवायला. सगळ्यांच्या हाताला काम.

दिल्लीच्या कागदावर नेमकं हेच उमटतं. केंद्र सरकार २०१७ पासून श्रमशक्तीचं जे सर्वेक्षण नियमित करतं, त्यानुसार २०१७-१८ साली पंधरा वर्षांवरच्या लोकांमध्ये बेकारीचं प्रमाण ६.१ टक्के होतं. २०२३-२४ मध्ये ते ३.२ टक्क्यांवर आलं. सहा वर्षांत जवळजवळ निम्मं. ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. मग त्याच सहा वर्षांत विणकराच्या घरातली वाणसामानाची उधारी निम्म्यावर आली का?

दार वाजवणारा माणूस काय विचारतो?

आकडा कसा तयार होतो ते आधी पाहू. समजा, सर्वेक्षणाचा कर्मचारी दारासुरममधल्या एका विणकराच्या दारात आला. घरात पाच माणसं. नवरा-बायको, म्हातारी आई, पदविका झालेला मुलगा आणि शाळकरी मुलगी. कर्मचारी विचारतो, गेल्या वर्षभरात कोण काय करत होतं? वर्षाचा बराच काळ माणूस कामात असेल किंवा काम शोधत असेल, तर तो श्रमशक्तीत येतो. ते नसलं, पण वर्षात तीस दिवस काही जोडकाम केलं असेल, तरी तो कामकरी धरला जातो. आठवड्याचा दुसरा हिशेब आहे. त्यात तर सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलं की माणूस कामकरी. यात लबाडी काही नाही. जगभर अशीच मोजणी होते. पण ‘कामकरी’ या शब्दात किती कमी मावतं, ते यावरून कळावं.

आता आपल्या घरातला विणकर. त्याला रेशीम आणि जर देतो व्यापारी-मालक. नक्षी मालकाची, साडी मालकाची, साडीचा भाव मालकाचा. विणकराचा फक्त माग, घर आणि हात. साडी विणून दिली की ठरलेली मजुरी. मग तो मालकाचा नोकर झाला का? सर्वेक्षणाच्या व्याख्येत नाही. दुसऱ्याच्या मागणीवरून आपल्या घरात बसून माल तयार करणारा माणूस तिथे ‘स्वयंरोजगारी’ या रकान्यात जातो. म्हणजे वकील, डॉक्टर, दुकानदार आणि दुसऱ्याच्या रेशमावर मजुरीने विणणारा हा गृहस्थ एका पंक्तीला बसतात!

त्याची बायको रोज कांड्या भरते, धागा तुटला की सांधते, मागाच्या दुसऱ्या बाजूला बसून काठाचा धोटा फेकते. तिला वेगळी मजुरी नाही. ती ‘घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस’ म्हणून लिहिली जाते आणि तीही कामकरीच. म्हातारीनेही वर्षात महिनाभर रेशीम उकललं असेल, तर तीसुद्धा.

राहिला मुलगा. तंत्रनिकेतनात शिकला, माग नको म्हणतो, कुंभकोणमच्या आणि तिरुचिरापल्लीच्या कार्यालयांत अर्ज टाकतो. घरातला बेकार तो एकटाच.

शिकलेलाच बेकार का, याचं उत्तर याच सर्वेक्षणात मिळतं. २०२३-२४ मध्ये निरक्षरांमधली बेकारी होती अवघी ०.२ टक्के. माध्यमिक आणि त्यापुढे शिकलेल्यांमध्ये ६.५ टक्के आणि पंधरा ते एकोणतीस वयाच्या तरुणांमध्ये १०.२ टक्के. निरक्षरांची आपल्या देशात एवढी चैन आहे, असा अर्थ कुणी काढणार नाही. बेकार राहायलाही घरात कुणीतरी कमावतं लागतं. ज्याला संध्याकाळच्या भाताची भ्रांत, तो मिळेल त्या दराने मिळेल ते काम धरतो आणि आकड्यात सुखरूप पोचतो.

ही अडचण जुन्या अभ्यासकांना ठाऊक नव्हती असं नाही. अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९७० सालीच सांगितलं होतं, की घरचे धंदे आणि शेती यांवर चालणाऱ्या या देशात बेकारीचा एकच एक आकडा काढून काही कळणार नाही. कामाचे निरनिराळे पैलू निरनिराळे मोजा. वर्षाचा, आठवड्याचा आणि दिवसाचा असा वेगवेगळा हिशेब तेव्हापासून सुरू झाला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीवरचा आपला गाजलेला अभ्यास मांडला. त्यांनी माणसाला काम आहे की नाही यापेक्षा त्याच्या घरात खर्चायला किती आहे, हे पाहिलं. पन्नासहून अधिक वर्षं झाली. आपण मात्र मथळ्यात अजून एकच आकडा छापतो.

ताणा कुणाचा, बाणा कुणाचा

कुंभकोणमचे पुष्कळसे रेशीम विणकर सौराष्ट्री समाजाचे. तामिळ मुलखात यांना ‘पट्टनूलकारर’, म्हणजे रेशीमधागेवाले म्हणतात. घरात बोलतात ती सौराष्ट्री भाषा. तिच्यात गुजराती आणि मराठीशी जुळणारे इतके शब्द, की आपल्याकडचा माणूस कान टवकारतो. सौराष्ट्रातून निघालेले पूर्वज आधी आपल्या देवगिरीला राहिले, तिथलं राज्य बुडाल्यावर विजयनगरला आणि मग आणखी दक्षिणेला आले, अशी या समाजात परंपरा सांगितली जाते. मंदसोरच्या पाचव्या शतकातल्या शिलालेखाशीही ते आपलं नातं जोडतात. रेशीमकारांच्या श्रेणीने बांधलेल्या सूर्यमंदिराचा तो लेख. गंमत म्हणजे, श्रेणीतले काहीजण माग सोडून धनुर्विद्येकडे, काही ज्योतिषाकडे वळल्याचं त्या लेखातच नमूद आहे. विणकराच्या मुलाने दुसरा धंदा शोधणं हे आजचं नाही!

या धंद्यात कष्ट कुठे जातात ते बाहेरच्याला दिसत नाही. रेशीम येतं बहुतेक कर्नाटकातून, जर सुरतेहून. रेशीम उकळून, रंगवून त्याचा ताणा काढायचा. जुन्या ताण्याच्या टोकाला नव्याचे हजारो धागे एकेक करून सांधायचे. या कामात दिवस जातात आणि इंचभरही साडी होत नाही. मजुरी मात्र साडीवर. नंतर जॅकार्डच्या पट्ट्या, काठ, बुट्टे, पदर. तिरुभुवनमची साडी घडी घालायच्या खास पद्धतीसाठीही प्रसिद्ध आहे. विशिरी म्हणजे पंखा. त्या पंख्यासारख्या चुण्यांची घडी तिथले लोक अभिमानाने दाखवतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा या भागातला खरा पावसाळा, परतीच्या मोसमी वाऱ्यांचा. खड्डामागाच्या खड्ड्यात पाणी झिरपतं, ताणा दमट होतो, रस्त्यात पसरता येत नाही. माग थांबतो. जर वेळेवर आली नाही, तरी थांबतो. सोन्या-चांदीचे किंवा रेशमाचे भाव एकदम चढले की व्यापारी हात आखडता घेतो आणि माग पुन्हा थांबतो. या थांबण्याचे पैसे कोण देतं? कुणीच नाही. कारखाना बंद राहिला तर मालकाचं नुकसान. इथे कारखाना विणकराच्या घरात आहे, म्हणून नुकसानही त्याच्याच घरात.

हिशेबासाठी काही आकडे धरून पाहू. हे धरलेलेच आकडे आहेत. साडीला पंधरा दिवस आणि मजुरी पाच हजार. कागदावर वर्षाला चोवीस साड्या, म्हणजे महिन्याला दहा हजार. आता ताणा सांधण्याचे दिवस, पावसाचे दिवस, जरीची वाट पाहण्याचे दिवस, आजारपण आणि सणवार वजा करा. चोवीसच्या सतरा साड्या झाल्या, तर वर्षाचे पंच्याऐंशी हजार. महिन्याला सात हजारांच्या थोडं वर. ही कमाई दोघांची. माणशी साडेतीन हजार. कर्मचाऱ्याच्या तक्त्यात मात्र हे घर वर्षभर, पूर्ण वेळ, दोघांच्या दोघांना काम असलेलं घर आहे.

हे आकडे फार ओढूनताणून धरलेत असं वाटत असेल, तर देशाची चौथी हातमाग गणना पाहावी. ती २०१९-२० ची. तीत सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं उत्पन्न महिन्याला पाच हजारांच्याही आत निघालं. आधीच्या, २००९-१० च्या गणनेत विणकर आणि पूरक कामं करणारे मिळून ४३ लाख ३१ हजार होते. दहा वर्षांत ते ३५ लाख २२ हजारांवर आले. आठ लाख माणसं मागावरून उठली. बहुतेक काही ना काही करत असतील. कुणी तिरुपूरच्या गंजीफ्रॉकच्या कारखान्यात, कुणी चेन्नईच्या दुकानात, कुणी रखवालदार. त्यांचा रकाना बदलला, एवढंच मोठ्या आकड्यात दिसतं.

लग्नसराई आली, पोरीचं शिक्षण आलं, की मालकाकडून उचल. तामिळनाडूच्या रेशीमपट्ट्यात ही रीत जुनी. उचल अंगावर असली की जास्त मजुरी देणाऱ्याकडे जाता येत नाही. स्वयंरोजगार म्हणायचा तो हा. यातला ‘स्वयं’ नेमका कुठे असतो, ते कुणी दाखवून द्यावं.

तिचा आकडा सगळ्यात वेगाने वाढला

देशातल्या रोजगाराच्या आकड्यांत गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठी उडी घेतली ती स्त्रियांनी. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरच्या शंभर स्त्रियांत जेमतेम २३ श्रमशक्तीत होत्या. २०२३-२४ मध्ये ४२ च्या जवळ पोचल्या. खेड्यांत तर २४.६ वरून ४७.६ टक्के. ऐकायला किती छान!

पण काम करणाऱ्या दर शंभर स्त्रियांपैकी स्वयंरोजगारी स्त्रिया त्याच काळात ५२ वरून ६७ झाल्या. आणि २०२३-२४ मध्ये दर शंभरातल्या जवळपास ३७ जणी होत्या घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतनीस. कांड्या भरणारी आपली विणकराची बायको यांच्यातलीच.

तिची गणती व्हायला लागली हे चांगलंच झालं. आजवर ‘तुमची मिसेस काय करते?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ असं उत्तर मिळायचं आणि तिच्या आठ तासांच्या कष्टांवर रेघ मारली जायची. वाढीतला काही भाग असा, पूर्वी न दिसलेलं काम आता दिसायला लागलं याचा असू शकतो. तेवढ्याने तिच्या हातात मात्र एक रुपयाही जास्त पडलेला नसतो. काही घरांत तर उलटं घडतं. नवऱ्याच्या मजुरीत भागेनासं झालं म्हणून ती मागाच्या दुसऱ्या बाजूला बसते. घर अडचणीत येतं आणि देशाचा रोजगार वाढतो.

कमाईचं काय झालं, हे केंद्राच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीने दिलं आहे, महागाई वजा करून. स्वयंरोजगारी पुरुषाची महिन्याची सरासरी खरी कमाई २०१७-१८ मध्ये ९,४५४ रुपये होती, ती २०२३-२४ मध्ये ८,५९१ झाली. स्वयंरोजगारी स्त्रीची ४,३४८ वरून २,९५०. पगारदार पुरुषाचा पगार १२,६६५ वरून ११,८५८ आणि पगारदार स्त्रीचा १०,११६ वरून ८,८५५. चारही ठिकाणी घट. रोजंदारीवरच्या मजुराची दिवसाची मजुरी मात्र वाढली, पुरुषाची २०५ वरून २४२ आणि स्त्रीची १२८ वरून १५९. सगळ्यात खालच्या पायरीवरचा थोडा वर आला, ही समाधानाची बाब आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्त्रियांची सरासरी एवढी घसरण्यामागे आणखी एक कारण असावं. अगदी थोडं कमावणाऱ्या पुष्कळ जणी नव्याने मोजल्या गेल्या आणि त्यांनी सरासरी खाली ओढली. ते मान्य केलं, तरी वाढलेला रोजगार कुठल्या दर्जाचा, हे त्यातूनच कळतं.

कायम नोकरीची गोष्ट

मग पोरांनी पगाराची नोकरी धरावी, असं विणकर म्हणतो. कुंभकोणममध्ये ती कुठे आहे? बँकेत, शाळा-कॉलेजांत, थोडी सरकारात. उरली दुकानं. ज्या साड्या बाप विणतो, त्या दुकानात उलगडून दाखवण्याची नोकरी.

या नोकरीचा गावातला सगळ्यात प्रसिद्ध दाखला म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे वडील. ते इथल्या एका कापड दुकानात गुमास्ते होते. पगार महिन्याला वीसेक रुपये असावा, असं चरित्रकार सांगतात. तेवढ्यात भागत नसे. घरी कॉलेजची मुलं राहायला-जेवायला ठेवली जात, आई देवळात भजनं गाऊन चार पैसे मिळवी. सारंगपाणी देवळाच्या रस्त्यावरचं त्यांचं घर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. आजच्या सर्वेक्षणात वडील ‘नियमित पगारदार’ ठरले असते, म्हणजे सगळ्यात वरचा वर्ग! खुद्द रामानुजन १९१२ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून झाले ते तीस रुपयांवर.

आजचा पगारदार तरी किती सुखी? २०२३-२४ च्या सर्वेक्षणात शेतीबाहेरच्या दर शंभर पगारदारांपैकी सुमारे ५८ जणांकडे नोकरीचा लेखी करार नव्हता. निम्म्याहून अधिकांना भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा यांसारखं काहीच संरक्षण नव्हतं. नव्या कामगार संहिता केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू केल्या. त्यांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याचं बंधन घातलं आहे. कापड दुकानांतला एक प्रश्न तर इतका साधा, की त्यासाठी कायदा लागावा याचंच नवल. सेल्समन मुलामुलींनी दिवसभर उभंच राहायचं, बसायचं नाही, असा शिरस्ता. तामिळनाडूने २०२१ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि दुकानात कामगारांना बसायची सोय ठेवणं सक्तीचं झालं. दहा-बारा तास उभं राहणाऱ्या मुलीच्या पायांना स्टूल मिळालं, पण तिच्या रोजगाराच्या रकान्यात एक ठिपकाही हलला नाही.

स्वयंरोजगाराची एक हसरी बाजूही या गावाने दाखवली आहे. कुंभकोणमची महानगरपालिका झाली २०२१ साली. मार्च २०२२ मध्ये तिचा पहिला महापौर झाला एक रिक्षाचालक. काँग्रेसचे के. सरवणन भाड्याच्या घरात राहायचे आणि शपथविधीला आपल्या रिक्षानेच गेले. गावाला कौतुक वाटलं. तेवढ्याने इतर रिक्षावाल्यांचे हप्ते थांबले नाहीत, ते सोडा.

विणकरांमध्येही सगळ्यांची अवस्था एकसारखी नाही. तिरुभुवनममध्ये १९५५ पासून रेशीम विणकरांची सहकारी संस्था आहे. साडीला भौगोलिक मानांकन मिळवण्यासाठी तिनेच पुढाकार घेतला आणि २०१९ साली ते मिळालं. सभासदाला कच्चा माल संस्था देते, मजुरी ठरलेल्या दराने मिळते, बचत आणि सुरक्षा योजनेत त्याच्या मजुरीतून थोडी रक्कम जाते आणि सरकारही भर घालतं. खासगी मालकाकडे विणणाऱ्याला यातलं काहीच नाही. दोघांचे माग शेजारी शेजारी, ठोका एकच, साडीही जवळपास तशीच. सर्वेक्षणात दोघेही ‘स्वयंरोजगारी’. संस्थांचं सगळं आलबेल आहे असंही नव्हे. माल विकला गेला नाही की कपाटं भरतात आणि सभासदाला काम कमी मिळतं. शिवाय यंत्रमागावरची नक्कल आहेच. ठरावीक कापड हातमागासाठीच राखून ठेवणारा कायदा १९८५ चा. बाजारात फिरून आलेल्या कुणालाही तो किती पाळला जातो ते सांगता येईल.

आता दुसरी बाजू. दारासुरमचं आपलं घर उपाशी नाही. का नाही? तामिळनाडूत रेशनचा तांदूळ फुकट मिळतो. मुलगी शाळेत दुपारी जेवते. २०२१ पासून साध्या शहरी बसमध्ये बायकांना तिकीट नाही. हातमाग विणकराला दोन महिन्यांना मोफत मिळणारी वीज २०२३ मध्ये २०० वरून ३०० युनिट झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात घरच्या बाईच्या खात्यावर दरमहा हजार रुपये जमा करणारी योजना राज्याने सुरू केली. आपल्या ‘लाडक्या बहिणी’च्या आदली. म्हणजे बिनपगारी मदतनीस म्हणून ज्या बाईने जन्म काढला, तिच्या नावावर नियमित जमा होऊ लागलेली ही बहुधा पहिलीच रक्कम. घराच्या बरेपणातला हा वाटा मोठा आहे आणि त्याचा बेकारीच्या आकड्याशी काडीचा संबंध नाही.

अशा माणसांना कामगार म्हणून ओळख मिळाली तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे. सोलापूरच्या विडी कामगार बायका. त्याही घरी बसूनच काम करतात, तेंदूपान आणि तंबाखू कारखानदाराची, मजुरी हजार विड्यांवर. दारासुरमच्या विणकरापेक्षा काही फार वेगळं नाही. पण १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी आला, ओळखपत्र आलं. सर्वेक्षण तिला काहीही म्हणो, कायद्याने ती ‘स्वयंरोजगारी’ राहिली नाही. पुढे नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने सोलापूरजवळ कुंभारी इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांची दहा हजार घरं उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ती कामगार बायकांच्या हवाली केली. विडीचा धंदा काही भल्याचा नाही, मजुरीही तुटपुंजी. तो १९६६ चा कायदाही आता नव्या संहितांमध्ये विरून गेला आहे. पण कुंभारीतल्या त्या बायकांकडे स्वतःच्या घराची किल्ली आहे. कुंभकोणमच्या खासगी विणकराला असं काही मिळवून देणारा कायदा झालेला नाही.

जानेवारी २०२५ पासून या सर्वेक्षणाची पद्धत बदलली आहे आणि बेकारीचे आकडे दर महिन्याला जाहीर होऊ लागले आहेत. पहिला आला एप्रिल २०२५ चा, आठवड्याच्या हिशेबाने ५.१ टक्के. आता दर महिन्याला अर्धा टक्का इकडे की तिकडे यावर चर्चा झडतील. दारासुरमच्या घरात चर्चा वेगळी चालते. मुलाला नोकरी लागेपर्यंत थांबायचं, की त्याला सरळ तिरुपूरला पाठवायचं? पुढचा महामहम २०२८ साली. तोवर रस्ते, लॉज, खाणावळी यांची कामं निघतील, गावात रोजगार वाढेल, असं सगळे म्हणतात. बापाचं म्हणणं, तोपर्यंत मागावर बस. मुलगा बसत नाही. मागावर बसला तर त्या घरात एकही बेकार उरणार नाही, आणि नेमकं तेच त्याच्या आईला नको आहे.